गाडी खाली उभी आहे

“बंदरातील कोंडी आणि वाहतूक नियमांचा जाच यांमुळे त्या मालाला आधीच उशीर झाला होता. त्यात एका चालकाच्या बेपर्वाईची भर पडली. इतर गाड्या दुसऱ्या घाटाने वळसा घालून नागपूरला पोहोचल्या. हा चालक मात्र गाडीखाली झोपून राहिला. त्या दोन दिवसांत शहरातील रुग्णांचे जे हाल झाले, त्यांचा डाग एका माणसामुळे आपल्या साऱ्या व्यवसायाला लागला.”

हा मजकूर आमच्या वाहतूकदार संघटनेच्या यंदाच्या स्मरणिकेत, गुळगुळीत कागदावर, अध्यक्षांच्या छायाचित्राच्या पाठपोट छापला आहे. मी तो अनेकदा वाचला. त्यातले प्रत्येक विधान सुटे घेतले तर खरे आहे. उशीर झाला होता. इतर गाड्या वळसा घालून आल्या होत्या. तो माणूस गाडीखाली झोपला होता, हेही खरे. आणि तरीही हा परिच्छेद खोटा आहे. हे म्हणण्याचा अधिकार या शहरात माझ्याइतका दुसऱ्या कोणाला नाही. ती गाडी माझी होती. तो चालक मी घडवला होता. आणि ‘शहरातील रुग्ण’ अशा मोघम शब्दांत ज्यांची वासलात लावली आहे, त्यांतली एक माझी बायको होती. ती वाचली नाही.

त्या घटनेनंतर या चालकाला नागपुरात कोणी स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. आजवर ही टपरीवरची कुजबुज होती. कुजबुज विरते, छापलेले राहते. उद्या तो माणूस कोणापुढे काम मागायला उभा राहिला, तर समोरचा हे पान काढून दाखवील. म्हणून हे लिहीत आहे.

स्मरणिका हाती पडली त्याच दिवशी मी सदर भागातल्या संघटनेच्या कार्यालयात गेलो. सचिव माझ्या मुलाच्या वयाचा. त्याच्या वडिलांच्या बरोबरीने मी ट्रक चालवलेले आहेत. त्याने उठून खुर्ची दिली.

“या काकाजी. चहा सांगू?”

“चहा मागून. हे कोणी लिहिलं?”

“समितीनं लिहिलं जी.”

“समितीले हात असते का लिहाले? हात कोणाचा होता, ते सांग.”

तो हसला. “तुम्ही बी ना काकाजी! तुमच्याच घरी एवढं झालं, अन् तुम्हीच त्याची बाजू घेऊन राहिले? दुसरा कोणी असता तं उभा चिरला असता त्याले.”

“मी चिरून नाही राहिलो, तं तू कायले चाकू घेऊन बसला?”

“आपल्या एका ड्रायव्हरनं सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. भर दुपारी, गाडीखाली, पाय लांब करून. बाकीचे गाड्या फिरवून निंगून गेले, अन् हा बाप्पा घोरून राहिला!”

“झोपलाच होता तो. पण काहून झोपला, ते विचारलं का कोणी?”

“आता झोपलेल्या माणसाले काहून विचाराव काय?” त्याने स्मरणिका मिटून हळूच माझ्याकडे सरकवली. “जाऊ द्या ना. छापलं ते छापलं. पुढच्या कार्यक्रमात तुमचा सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, सगळं.”

मला शाल नको होती, अर्धे पान हवे होते. ते मिळाले नाही.

माझे वडील विणकर होते. हातमागावर धागा तुटला की ते माग थांबवत. सूत खराब आले असेल, हवा कोरडी असेल, कांजी पातळ झाली असेल. ही कारणे खरीही असत, आणि घरातले सगळे ती मोठ्याने सांगतही. वडील ऐकून घेत आणि एवढेच म्हणत, “ते ठीक आहे. तुटला कुठं, ते पाह्य.” मग बोटांनी चाचपत ते तुटलेले टोक शोधत, आणि ते सापडल्याखेरीज पुढे एक आडवा धागा टाकत नसत. आमचा माग बंद पडला, मी ट्रकवर गेलो, पुढे तीन गाड्यांचा मालक झालो, म्हातारपणी एकाच गाडीवर आलो. वडिलांचा मागाजवळचा हा हट्ट मात्र माझ्यात उतरला. लोकांना तो भांडखोरपणा वाटतो. वाटो.

हा चालक उमरेडकडचा, आमच्यासारख्याच विणकर घरचा. माझ्याकडे आला तेव्हा त्याला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हते. मी त्याला शिकवले, आणि शिकवताना दोन गोष्टी हाडात मुरवल्या. पहिली: भरलेली गाडी सोडून जायचे नाही, झोप आलीच तर गाडीखाली झोपायचे, म्हणजे चाक हलले तर पहिले तुला कळेल. दुसरी: उस्तादाने एकदा सांगितले की पुन्हा विचारायचे नाही. रस्त्यावर दहा वेळा विचारणारा माणूस दहा वेळा घोटाळा करतो, असे माझे मत होते. बरीच वर्षे तो माझ्याकडे होता. माझ्या गाडीचा माल कधी कमी भरला नाही, आणि त्याने मला एकच गोष्ट दोनदा कधी विचारली नाही. या दुसऱ्या शिकवणीचा मला विशेष अभिमान होता, आणि मी तो चारचौघांत मिरवतही असे.

आता नियमांविषयी. संघटनेच्या लेखी वजनाचा नियम म्हणजे जाच. मी तसे मानत नाही. क्षमतेपेक्षा जास्त माल भरू नये, ही मागणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उभे राहिलेल्यांत मी होतो. वजनाने दबलेल्या गाडीचे ब्रेक घाटात तापले म्हणजे काय होते, ते मी पाहिले आहे. ज्यांनी पाहिलेले नाही त्यांनी जाच हा शब्द वापरावा. नियम योग्यच होता. पण नियम आणणाऱ्यांनी गाड्या आणल्या नाहीत. जो माल दोन ट्रकांत जात होता त्याला तीन लागू लागले, आणि तिसरा ट्रक कोणाकडेच नव्हता. जुन्या गाड्या तपासणीत बाद झाल्या, नव्या घेण्याची छोट्या मालकाची ऐपत नव्हती, आणि चालकाचा मुलगा चालक व्हायला तयार नव्हता. त्यात बंदराभोवतीच्या वस्त्यांतून जड वाहनांना ठरावीक तासांतच सोडू लागले. जहाजे मात्र पूर्वीसारखीच येत राहिली. उतरवलेले कंटेनर एकावर एक चढत गेले. तळातला कंटेनर हवा असेल तर वरचे आधी हलवावे लागतात, आणि हलवून ठेवायला जागा उरली नव्हती. ही बंदरातली कोंडी. समुद्रावरच्या माणसांना ती रांगांमध्ये दिसली. आम्हाला ती दुकानांच्या फळ्यांवर दिसली. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, याचा आम्हाला मोठा गर्व. मध्यभागी असणे म्हणजे प्रत्येक बंदरापासून दूर असणे, हे कोणी म्हणत नाही. आधी टायर मिळेनासे झाले. मग पंपांचे सुटे भाग. मग एके दिवशी डायलिसिस केंद्रातल्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की, रक्त गाळण्याचे फिल्टर आणि नळ्या बाहेरून येतात, आणि त्या बंदरात अडकल्या आहेत.

माझ्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागत असे. मूत्रपिंडे थकलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठते. यंत्राला जोडण्याआधी रुग्णाचे वजन करतात, किती पाणी काढायचे ते ठरवतात, आणि काढून झाल्यावर पुन्हा वजन करतात. ट्रकवाल्याच्या घरात आयुष्य काढलेल्या तिला हे पहिल्याच दिवशी ओळखीचे वाटले.

“अवो, मले बी काट्यावर चढवते इथं,” ती म्हणाली. “ओव्हरलोड निंगालं का उतरवते.”

“चालान तं नाही फाडत ना वं?”

“फाडते ना. दंडात सुया टोचते.”

चार तासांनी तिला बाहेर आणत, तेव्हा ती थकलेली पण हलकी असे. ऑटोत बसता बसता म्हणे, “झाली गाडी खाली. चला घरी.”

खाली हा शब्द इथे नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढचे सारे त्याच्यावर आहे. पुण्या-नाशिकच्या माणसाला खाली म्हणजे तळाशी, वरच्या उलट. आमच्या नागपुरात खाली म्हणजे रिकामे; हिंदी मुलखाशी जुना संबंध, त्यातून तो शब्द आमच्या जिभेवर बसला. गाडी खाली करायची म्हणजे माल उतरवायचा. गाडी खाली आली म्हणजे भाडे मिळाले नाही. जे तळाशी असेल त्याला आम्ही खालते म्हणतो. मी जन्मभर हा शब्द दिवसातून कितीदा तरी उच्चारला असेल, आणि त्याचा दुसरा अर्थ माझ्या कानाला शिवलाही नव्हता.

केंद्राने डायलिसिसचे तीनाचे दोन वार केले. माल मागवणारा व्यापारी नागपूरचाच. त्याचा कंटेनर बंदरात उतरून पडला होता, पण एका गाडीपुरत्या मालासाठी नागपूरपर्यंत यायला तिथला कोणी ट्रकवाला राजी नव्हता; रांगेत थांबायचे दिवस कोण वाया घालवणार? मी म्हणालो, माझी गाडी जाते. मुलगा म्हणाला, “बाबा, तुमची एक गाडी जाऊन बंदर मोकळं होणार आहे का?” मी त्याला सांगितले की, बंदर मोकळे करायला मी पाठवत नाही, तुझ्या आईचे फिल्टर आणायला पाठवतो. कळमन्याच्या बाजारातून धान्याचे भाडे घेऊन गाडी निघाली, मुंबईत रिकामी झाली आणि बंदराच्या रांगेत लागली.

रांगेत अकरा दिवस गेले. रोज सकाळी त्याचा फोन येई.

“आज बी नंबर नाही लागला, उस्ताद.”

“रांग सोडू नको.”

“सोडाचा प्रश्नच नाही जी. बाईची तब्येत?”

“ठीक आहे,” मी म्हणत असे. ती ठीक नव्हती. केंद्राने दोनाचा एक वार केला होता.

बाराव्या दिवशी फोन आला नाही. त्याचा फोन बिघडला होता, हे मला नंतर कळले. तेही कळले की, त्याच दिवशी त्याचा नंबर लागला, माल भरला आणि तो आनंदाने निघाला. मला ठाऊक असलेली शेवटची बातमी मात्र एवढीच होती की गाडी रांगेत आहे आणि रिकामी आहे.

तेराव्या दिवशी कसारा घाटाच्या पायथ्याशी त्याला अडवले. लागून सुट्ट्या आल्या होत्या, पर्यटकांच्या मोटारी घाटात तुंबल्या होत्या, आणि जड वाहनांना दोन दिवस बंदी होती. औषधे, दूध अशा मालाला सूट होती. पण त्याच्या बिलावर मालाचे वर्णन प्लास्टिकच्या नळ्या आणि डबे असे होते. त्याने बंदोबस्तावरच्या हवालदाराला समजावून पाहिले.

“साहेब, पेशंटचा माल हाये.”

“बिलात प्लास्टिक लिहिलंय. प्लास्टिक कधीपासून जीवनावश्यक झालं?”

“रक्त गाळते त्यातून, साहेब.”

“मग तसा कागद आण. दवाखान्याचा, व्यापाऱ्याचा, कोणाचाही. कागद दाखव, मी स्वतः दांडा उचलतो.”

हवालदाराचे काही चुकले असे मला वाटत नाही. कागद पाठवणे सोपे होते. व्यापाऱ्याचे दुकान माझ्या घरापासून ऑटोने थोड्या अंतरावर होते, आणि त्या हवालदाराच्या खिशात फोनही होता, ज्यावर कागदाचा फोटो तासाभरात गेला असता. गरज होती ती फक्त मला कळण्याची. पण गाडी भरलेली होती, आणि भरलेली गाडी सोडून जायचे नाही ही माझी शिकवण. म्हणून तो फोन शोधायला गेला नाही, आणि पोलिसाकडे तो मागायचे धाडस त्याला झाले नाही. रस्त्याने चालत निघालेल्या एकाजवळ त्याने चिठ्ठी दिली आणि पुढच्या हॉटेलवाल्याला द्यायला सांगितली. चिठ्ठीत माझा नंबर होता, आणि त्याला जेवढे लिहिता येत होते तेवढे.

दुपार होती. प्रताप नगरच्या घरी बायको उशांना टेकून बसली होती. आडवे झाले की तिला श्वास पुरत नसे. पाय सुजून तकतकीत झाले होते. दाबले की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. फोन वाजला. अनोळखी नंबर, आणि त्यावर एक सभ्य, स्वच्छ मराठी.

“नमस्कार. नागपूरहून बोलताय ना? मी कसाऱ्याकडून बोलतोय, माझं हॉटेल आहे. तुमच्या ड्रायव्हरनी चिठ्ठी पाठवलीय. गाडी खाली उभी आहे, असं कळवायला सांगितलंय. काय करायचं, विचारतायत.”

कसारा हे नाव मी ऐकले. तरीही ते माझ्या डोक्यात शिरले नाही. अकरा दिवस माझ्या डोक्यात फक्त रांग होती, आणि रांगेतल्या कोणा हॉटेलवाल्याचा हा फोन असेल असे मी धरून चाललो. गाडी खाली उभी आहे. म्हणजे अजूनही रिकामीच. मी त्याला उत्तर दिले आणि फोन ठेवला.

“कोणाचा होता?” बायकोने विचारले.

“गाडीचा. खाली उभी आहे म्हणे अजून.”

ती थोडी हसली. हसायलाही तिला दम लागत होता. “पाह्य ना बाप्पा. ते खाली राहिली, अन् मी भरून राहिली.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मी फोन केला नाही. हॉटेलवाल्याचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. रिकाम्या गाडीची चौकशी काय करायची, असे मला वाटले असावे. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात हलवले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. डॉक्टरांनी फुप्फुसांत पाणी भरल्याचे सांगितले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. मी कोणाशी वाद न घातल्याचा तो बहुधा एकमेव प्रसंग.

दहनाच्या दुसऱ्या दिवशी घरात पाहुणे दाटले होते. प्रत्येकाकडे एक कारण होते: सरकार, बंदर, दवाखाना, नशीब. मला त्यांच्यात बसवेना, म्हणून मी गाडी लावण्याच्या आमच्या मोकळ्या जागेत जाऊन बसलो. दुपारी गाडी फाटकातून आत आली. रिकाम्या ट्रकची ताडपत्री घडी करून केबिनवर टाकलेली असते. या गाडीची ताडपत्री मागून पुढून बांधलेली होती, आणि दोर एकसारखे आवळलेले होते. तसे दोर आवळणारा माणूस एकच होता, आणि त्याला ते मी शिकवले होते.

तो केबिनमधून उतरला. माझे मुंडण केलेले डोके पाहून जागीच थांबला.

“उस्ताद... बाई?”

मी ताडपत्रीकडे बोट केले. “हे काय हाये गा? गाडी तं खाली होती ना?”

“नाही जी. भरूनच निंगालो मी तं.”

“हॉटेलवाला म्हणे खाली उभी आहे.”

“खालते,” तो म्हणाला. “घाटाच्या खालते. चिठ्ठीत खालते असंच लिहिलं होतं म्या.”

चिठ्ठीत खालते लिहिले होते. त्या सभ्य माणसाने आमची गावठी भाषा सुधारून मला शुद्ध मराठीत निरोप दिला. त्याचाही काही दोष नाही. नागपूरचा माणूस असता तर त्याने खालते हा शब्द तसाच उच्चारला असता, आणि मला ऐकू आला असता. नाशिकचा माणूस ऐकणारा असता, तर खाली ऐकूनही त्याला बरोबर कळले असते. नाशिककडचा माणूस सांगतो आणि नागपूरचा ऐकतो, तेव्हाच ही चूक होऊ शकते.

त्याने दोर सोडले. आत पुठ्ठ्याचे खोके होते, पार ताडपत्रीपर्यंत रचलेले. मी एक उचलून पाहिला. इतका हलका माल माझ्या गाडीने कधी वाहिला नव्हता.

तो माल केंद्रात गेला, आणि बाकीच्या रुग्णांचे वार पूर्ववत तीन झाले. त्यानंतर बोलणी सुरू झाली. त्याच बंदीत अडकलेल्या नागपूरच्या चार-पाच गाड्या पहिल्याच दिवशी परत फिरल्या होत्या आणि माळशेजच्या बाजूने वळसा घालून वेळेत पोहोचल्या होत्या. त्यांच्यातल्या एकाने माझ्या चालकाला हाक मारली होती, “चाल बे, फिरव गाडी.” त्याने नकार दिला होता. बंदी उठल्यावर सगळे निघाले तरी तो हलेना, तेव्हा पोलिसांनी गाडीच्या दारावर काठी आपटून त्याला हलवले. ही हकिकत नागपुरात पोहोचली आणि तिला शेपट्या फुटल्या. कोणी म्हणाले, दारू प्याला होता. कोणी म्हणाले, तिकडे त्याचे कोणी होते. बंदीने आणि टंचाईने चिडलेल्या लोकांना एक नाव हवे होते. आमच्या संघटनेला तर ते फारच हवे होते.

मी त्या काळात बोललो नाही. तेरवीपर्यंत बोललो नाही याला कारण सांगता येईल. त्यानंतर बोललो नाही याला कारण नाही. मी गाडी विकली आणि घरात बसलो. लोकांनी माझ्या गप्प बसण्याचा अर्थ असा लावला की, मालकालाही तो चालक दोषी वाटतो. माझ्या मौनावर त्यांनी त्यांचा परिच्छेद उभा केला, हे मला नाकारता येत नाही.

सदरहून निघालो तो थेट कळमन्याला गेलो. तो आता तिथे दुसऱ्यांच्या ट्रकांवर ताडपत्र्या बांधतो. एका गाडीच्या टपावर उभा होता. मला पाहून उतरला आणि हात पुसत आला.

“उन्हात कायले आले, उस्ताद?”

मी स्मरणिका दाखवली. त्याने ती हातात घेतली नाही. हात काळे आहेत, म्हणाला. मीच वाचून दाखवली. शेवटचा शब्द संपल्यावर तो म्हणाला, “फोटो नाही ना टाकला माहा? तं मंग ठीक आहे.”

“ठीक कसं गा? तू काहून नाही बोलला कोणाजवळ?”

“काय बोलाव? ड्रायव्हर मालकाच्या नावावर ढकलून राहिला, म्हणाले असते लोक. अन् मी आलो, त्या दिवशी तुम्ही बाईले जाळून आले होते. त्या दिवशी नाही बोललो, तं मंग राह्यलंच.”

“दुसऱ्या गाड्या फिरल्या, तं तू काहून नाही फिरला?”

त्याने माझ्याकडे असे पाहिले की, जणू मीच त्याची परीक्षा घेत होतो. “तुमचा निरोप आला होता ना. मले वाटलं, घाटाची बंदी उस्तादले ठाऊक असन, कागद पाठवून राहिले. मी फिरलो असतो, अन् कागद घेऊन माणूस आला असता, तं त्यानं गाडी कुठं शोधली असती?”

“अन् झोपला काहून?”

“दोन दिवस वाट पाह्यली, उस्ताद. गाडीखालते पडून. तुम्हीच तं सांगतलं होतं, झोपाचं तं गाडीखालते.” मग म्हणाला, “एकदा मनात आलं, पुन्हा चिठ्ठी पाठवाव. पण तुमचा निरोप आला होता. पुन्हा कसं विचाराव?”

टपावरून कोणीतरी त्याला ओरडून बोलावले. जाता जाता तो वळला. “हे लिहू नका तुम्ही. तुमच्या वयात शोभत नाही. माहं काय, दोर बांधून पोट भरतेच.”

मी त्याला आयुष्यात कितीतरी हुकूम दिले. त्याने मला केलेली ही एकच विनंती. ती मी मोडत आहे.

माझा मुलगा माझ्याशी सहमत नाही. तो शिकलेला आहे, त्याची मांडणी अधिक व्यवस्थित आहे. त्याच्या मते गाड्या न वाढवता आणलेला वजनाचा नियम, बंदराभोवतीचे ठरावीक तास, तुंबलेले कंटेनर, घाटातली बंदी आणि बिलावरचा एक चुकीचा शब्द, अशी ती साखळी होती. तीत एका माणसाला उचलून दोषी ठरवणे अन्याय आहे, मग तो चालक असो की बाप. “बाबा, सगळी व्यवस्थाच तशी होती,” तो म्हणतो. हे तो प्रेमाने म्हणतो, म्हणून त्याला अडवणे अधिक कठीण जाते. पण आजोबांच्या मागाजवळ तो कधी बसलेला नाही. सूत खराब होते, हवा कोरडी होती, हे सगळे मला मान्य आहे. अकरा दिवस बंदराने खाल्ले. ते अकरा दिवस खाऊनही माल वेळेत पोहोचू शकत होता. वळसा घालून आलेल्या गाड्या तेच सिद्ध करतात. संघटनेने त्या गाड्यांचा दाखला माझ्या चालकाविरुद्ध दिला आहे. मी तोच दाखला घेतो आणि विचारतो: मग ही एकच गाडी का हलली नाही?

याचे उत्तर समितीला ठाऊक नाही, कारण ते प्रत्यक्ष ठाऊक असलेली माणसे तीनच: कसाऱ्याचा हॉटेलवाला, तो चालक आणि मी. पहिल्याला कोणी विचारले नाही, दुसरा बोलला नाही. तिसऱ्याचे म्हणणे असे. ‘काय करायचं, विचारतायत,’ असे त्या भल्या माणसाने फोनवर म्हटले, तेव्हा मी त्याला जे उत्तर दिले आणि त्याने जसेच्या तसे गाडीपर्यंत पोहोचवले, ते हे: “खाली आहे ना? मग राहू द्या. मी सांगेपर्यंत जागचा हलू नको म्हणाव.”